अडीच गुंठे

इंग्लंडमध्ये जमीन मोजायचं एक जुनं माप आहे, रॉड. कुणी त्याला पोल म्हणतं, कुणी पर्च. लांबी साडेसोळा फूट. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजेच दोन रॉड लांब आणि दोन रॉड रुंद. एकरात गुंठे ४० आणि चौरस रॉड १६०, दोन्हीकडून हिशेब चोख बसतो. हे सगळं सांगायचं कारण असं, की इथल्या 'अलॉटमेंट'चा ठरलेला आकार आहे दहा चौरस रॉड. म्हणजे बरोबर अडीच गुंठे!

आपल्यापैकी बहुतेकांनी अलॉटमेंट पाहिलेल्या असतात, पण गाडीच्या खिडकीतून. रुळांच्या कडेला, गावाच्या शेवटी, लाकडी खोपटं, पाण्याची पिंपं, काठ्यांवर चढवलेले शेंगांचे वेल. "म्हाताऱ्यांचा विरंगुळा" असं म्हणून आपण पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालतो. मीही वेगळा नव्हतो. मी रेडिंगला राहतो, धंद्याने आयटी कन्सल्टंट, शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. शेतीशी संबंध आजोळापुरता, तासगाव तालुक्यातला, तोही मे महिन्याच्या सुट्टीतला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर इथल्या सुपरमार्केटमधली फडताळं रिकामी झाली, पीठ नाही, तांदूळ नाही, तेव्हा बायको म्हणाली, "निदान मेथी-कोथिंबीर तरी घरची असावी." मी कौन्सिलकडे नाव घातलं. चार वर्षांनी अर्धा तुकडा मिळाला, म्हणजे सव्वा गुंठा. त्या चार वर्षांत एक प्रश्न डोक्यात बसला. ही जमीन कौन्सिल आपल्याला देते ती का देते? दया म्हणून, की हक्क म्हणून? त्याचं उत्तर शोधता शोधता मी इंग्लंडच्या इतिहासातून निघून बंगालमार्गे थेट आजीच्या गावात पोचलो. तो प्रवास या लेखात सांगतो.

कुंपणाआधीचं गाव

आपल्याकडे गावाला गायरान असतं तसं इंग्लंडमधल्या गावांना 'कॉमन' असे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही असा माणूसही तिथे गाय चारी, सरपण आणी, डुकरं सोडी. मालकी जमीनदाराची, पण वापराचा हक्क गावाचा. कागदावर फार काही नव्हतं, वहिवाट हाच कायदा.

मग कुंपणं आली. त्याला इंग्रजीत 'एन्क्लोजर' म्हणतात. सुरुवातीला हे काम जमीनदार आपापसात करत. पुढे ते पार्लमेंटच्या कायद्याने होऊ लागलं. १६०४ ते १९१४ या काळात अशी ५,२०० हून अधिक विधेयकं आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा हा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त भाग. त्यामुळे शेतीचं उत्पादन वाढलं, असं त्या बाजूने बोलणारे म्हणत आणि त्यात तथ्यही होतं. पण ज्याची गाय कॉमनवर चरत होती त्याची गाय गेली, गाय गेली म्हणून दूध गेलं, आणि माणूस रोजंदारीला लागला. गावात धान्य पूर्वीपेक्षा जास्त आणि घरात पूर्वीपेक्षा कमी, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. पुढे बंगालमध्ये ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

याविरुद्ध एक लक्षात राहणारा आवाज १६४९ मध्ये उठला. त्या वर्षी जानेवारीत इंग्रजांनी आपल्याच राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला होता. (आपल्याकडे शिवाजी महाराज त्या वर्षी एकोणीस वर्षांचे झाले.) एप्रिलमध्ये जेरार्ड विन्स्टनली नावाचा माणूस थोडी गरीब मंडळी घेऊन सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर गेला आणि त्यांनी पडीक कॉमन जमीन खणून गाजरं, पार्सनिप आणि शेंगा लावायला सुरुवात केली. लोक त्यांना 'डिगर्स' म्हणू लागले, म्हणजे खणणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. राजा गेला, आता जमीन सगळ्यांची. स्थानिक जमीनदारांनी मारहाण, कोर्टकचेऱ्या आणि नासधूस करून त्यांना ऑगस्टपर्यंत टेकडीवरून हाकललं. ते जवळच्या कोबममध्ये गेले, तिथूनही १६५० मध्ये त्यांना उठवलं गेलं.

एका क्लायंटच्या कामासाठी माझं वेब्रिजला जाणं-येणं होतं, तेव्हा मुद्दाम ती टेकडी पाहायला गेलो. आज तिथे गोल्फ कोर्स आहे आणि श्रीमंतांची खाजगी वसाहत आहे. फाटकावर पहारा आहे. गाजरं कुठे लावली होती ते काही पाहता आलं नाही.

असाच प्रसंग आपल्याकडेही घडला, पण तीनशे वर्षांनी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. मागणी काय, तर पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर करा. विन्स्टनलीचं नाव त्यातल्या किती जणांनी ऐकलं असेल? बहुधा कुणीच नाही. पण भूक आणि पडीक जमीन शेजारी-शेजारी असल्या की हा प्रश्न माणसाला आपोआप सुचतो, त्याला पुस्तक लागत नाही.

दयेपासून कायद्यापर्यंत

१८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाने जमीनदारांना धमकीची पत्रं जात. त्यानंतर बऱ्याच जमीनदारांना आणि पाद्र्यांना वाटू लागलं, की मजुराला बटाटे लावण्यापुरता तुकडा दिलेला बरा, तो शांत राहील. अलॉटमेंटचा प्रसार झाला तो असा. यात भीती किती आणि दया किती, हे सांगणं कठीण आहे.

१८४५ मध्ये कुंपणाचा मोठा कायदा झाला. त्यात भूमिहीनांसाठी थोडी जमीन राखून ठेवायची तरतूद होती. तिचं पुढे काय झालं बघा. त्या कायद्याखाली ६ लाख १५ हजार एकर जमीन कुंपणाआड गेली आणि त्यातली गरिबांच्या तुकड्यांसाठी राखली गेली २,२०० एकर. हजार एकरांत साडेतीन एकर! आमच्या धंद्यात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "रिक्वायरमेंटमध्ये आहे, पण टेस्ट कुणी केलेलं नाही." ही तरतूद त्याच जातीची.

बदल व्हायला मतपेटी लागली. १८८४ च्या सुधारणेने गावातल्या बऱ्याच पुरुष मजुरांना मत मिळालं आणि लगेच १८८५ च्या निवडणुकीत जेसी कॉलिंग्ज यांच्याशी जोडलेली घोषणा गाजली, "तीन एकर आणि एक गाय". १८८७ मध्ये अलॉटमेंटचा कायदा आला, आणि १९०८ मध्ये 'स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्ट'. आजही आपल्या हक्काचं मूळ या १९०८ च्या कायद्यात आहे.

त्याचं तेविसावं कलम मला फार आवडतं. गावातल्या कोणत्याही सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, आणि मागणी खरी आहे असं दिसलं तर जमीन पुरवणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरतं. (लंडनच्या आतल्या बरोंना मात्र हे बंधन १९६० च्या दशकापासून नाही.) सहा म्हणजे एका टेबलाभोवती मावतील इतकी माणसं. पुढारी नको, मोर्चा नको.

१९२२ च्या कायद्याने व्याख्या पक्की केली. अलॉटमेंट गार्डन म्हणजे ४० चौरस पोलपर्यंतची जमीन, आपल्या हिशेबाने दहा गुंठे, जी मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाला खाण्यापुरती भाजी आणि फळं पिकवायला वापरली जाते. १९२५ च्या कायद्याने सांगितलं, की अलॉटमेंट म्हणूनच घेतलेली जमीन कौन्सिलला मंत्र्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. १९५० मध्ये कोंबड्या आणि ससे पाळायचीही मुभा मिळाली, धंदा करायचा नाही एवढ्या अटीवर.

बेटावरचं राष्ट्र आणि रेशनचं पुस्तक

या सगळ्याची खरी परीक्षा झाली दुसऱ्या महायुद्धात. १९३९ च्या सुमारास ब्रिटन वर्षाला सुमारे दोन कोटी टन अन्न बाहेरून आणत होतं. जवळजवळ ७० टक्के धान्य बोटीने येई आणि त्या बोटी बुडवायला जर्मन पाणबुड्या टपलेल्या होत्या. आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'.

तेव्हाचे शेतीमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये रेडिओवरून आवाहन केलं, की आणखी पाच लाख अलॉटमेंट हव्यात. त्या मोहिमेला पुढे 'डिग फॉर व्हिक्टरी' हे नाव पडलं. तिथेही खणणंच! बागा, खेळाची मैदानं, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या खणल्या गेल्या. १९३९ मध्ये सुमारे ८ लाख असलेल्या अलॉटमेंटची संख्या १९४३ पर्यंत १४ लाखांच्या आसपास गेली. अर्थात देश जगला तो केवळ या वाफ्यांवर नव्हे. गवताची रानं नांगरून केलेली मोठी शेती, तिथे राबणाऱ्या 'विमेन्स लँड आर्मी'तल्या बायका आणि अमेरिकेहून आलेली मदत यांचा वाटा मोठा होता. पण घरची भाजी ताटात आली, आणि ती रेशनच्या बाहेर होती.

रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं. आधी बेकन, लोणी आणि साखर, मग मांस, चहा, चीज असं वाढत गेलं. प्रत्येकाला पुस्तक, प्रत्येकाचं दुकान ठरलेलं, भाव बांधलेले. मोठ्यांचं पुस्तक बदामी रंगाचं, गरोदर बाया आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं हिरवं. हिरव्या पुस्तकाला दुधात आणि फळांत आधी मान. शाकाहारी लोकांनी मांसाचा वाटा सोडला तर त्याबदली जास्तीचं चीज मिळे, हे वाचून आमच्या घरी फार कौतुक झालं! एप्रिल १९४० पासून लॉर्ड वूल्टन हे अन्नमंत्री होते आणि जॅक ड्रमंड हे पोषणशास्त्रज्ञ त्यांचे सल्लागार. कुणाला किती उष्मांक, किती जीवनसत्त्वं मिळतात याचा हिशेब सरकार ठेवत होतं. 'ब्रिटिश रेस्टॉरंट' नावाची सार्वजनिक भोजनालयं निघाली, १९४३ पर्यंत दोन हजारांहून अधिक. तिथे स्वस्तात गरम जेवण मिळे.

निकाल असा, की चहूबाजूंनी वेढलेल्या, बॉम्ब पडत असलेल्या देशात गरिबांचं पोषण युद्धाआधीपेक्षा सुधारलं, आणि बालमृत्यू कमी झाले. एकूण अन्न कमी होतं, पण वाटप न्याय्य होतं.

माझ्या तुकड्याशेजारी एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "युद्ध मला फारसं आठवत नाही, पण गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं तो दिवस आठवतो." तो फेब्रुवारी १९५३. रेशनिंग संपूर्ण संपलं जुलै १९५४ मध्ये, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षांनी. युद्धात मोकळा असलेला पाव तर युद्धानंतर, १९४६ ते १९४८, रेशनवर होता. लोक कुरकुरले, पण रांगेत उभे राहिले, कारण पुढच्या माणसालाही तेवढंच मिळणार याची खात्री होती.

त्याच वर्षी, त्याच साम्राज्यात

इथवर वाचून कुणालाही ब्रिटिशांचं कौतुक वाटेल. मलाही वाटलं. पण इतिहास वाचताना तारखा शेजारी-शेजारी मांडायची सवय लागली की कौतुकाला खीळ बसते.

ब्रिटनमध्ये अलॉटमेंट १४ लाखांवर गेल्या, ते साल १९४३. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भाताच्या पेजेसाठी हात पसरून मरत होती, ते सालही १९४३. आणि मधला दुवा बघा. पाच लाख अलॉटमेंट मागणारे तेच डॉर्मन-स्मिथ १९४१ मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथून बंगालला येणारा तांदूळ बंद झाला. जपानी पुढे येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनारी भागातला तांदूळ हलवला आणि दहाहून अधिक माणसं नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या. नद्यांच्या त्या प्रदेशात होडी गेली म्हणजे बाजारही गेला, मासेमारीही गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं. भाव कडाडले. लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाकडे धान्याच्या जहाजांची मागणी गेली, मिळालं ते मागणीच्या मानाने फारच थोडं. मृत्यूंचे अंदाज वेगवेगळे आहेत. १९४५ च्या सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख म्हटलं, पुढच्या काही अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात.

अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते आणि त्यांनी तो दुष्काळ डोळ्यांनी पाहिला. १९८१ मध्ये त्यांनी 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात हिशेब मांडला. त्यांच्या आकडेमोडीनुसार १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं. काही अभ्यासकांनी या आकड्यांवर वाद घातला आहे. पण मेलं कोण, याबद्दल वाद नाही. शेतमजूर, कोळी, नावाडी, कारागीर मेले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि ज्यांची मजुरी तांदळाच्या भावामागे धावून थकली, ते मेले. कोलकात्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना मालकांमार्फत धान्य मिळत होतं, कारण युद्धसामग्री थांबून चालणार नव्हती.

आणि मुंबई? मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. कोलकात्यात ते सुरू व्हायला जानेवारी १९४४ अखेर उजाडलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच राज्यकर्त्यांच्या हाताखाली, त्याच युद्धात, एका शहरात शिधापत्रिका वेळेवर आली आणि दुसऱ्या प्रांतात आली नाही. आपल्या आजी-आजोबांनी "रेशनचं कार्ड जपून ठेव" असं बजावत आयुष्य काढलं, त्या कार्डाची किंमत मला हे वाचल्यावर कळली.

बहात्तर सालचा दुष्काळ

आजोळी 'बहात्तर' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पाऊस सलग कमी, १९७२ मध्ये तर फारच कमी. आजी सांगायची, ज्वारी नव्हती म्हणून रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल 'मिलो' मिळे. त्याची भाकरी थापली तर तुटे आणि खाल्ली तर घशाखाली उतरत नसे. ती आणि तिच्या जावा खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटत, ती पदराला बांधून मुलांसाठी घरी आणत. आजीला त्या आठवणीचा अभिमानही नव्हता आणि लाजही नव्हती. "काम होतं म्हणून जगलो," एवढंच म्हणायची.

तिच्या या वाक्यामागे बरंच मोठं राजकारण आहे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले गांधीवादी, पुढे विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यावं ही त्यांची कल्पना, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये झाला तो आमच्या तासगाव तालुक्यातच. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दुष्काळात ती राज्यभर पसरली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पिकं बंगालपेक्षा वाईट बुडाली होती, पण बंगालसारखी माणसं मेली नाहीत. याला कामं होतीच, शिवाय वर्तमानपत्रं होती, मोर्चे होते, विरोधी पक्ष होता आणि मतपेटी होती.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. पैसा कुठून आला? १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर बसवलेला व्यवसाय कर त्यासाठीच होता. पुण्यात नोकरी केलेल्या आयटीवाल्यांनी आपली जुनी पगाराची स्लिप काढून बघावी. 'पी. टी.' म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. आपण त्याला नेहमी "कसला तरी कर" म्हणायचो. तो खडी फोडणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी सुरू झालेला कर होता. रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं निघाली, हेही खरं आहे. पण केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

मुदत कुणी घातली?

आता दोन कायदे शेजारी ठेवू. इंग्लंडचा १९०८ चा कायदा म्हणतो, सहा जणांनी मागितलं तर विचार करा आणि गरज असेल तर जमीन द्या. किती दिवसांत द्या, ते म्हणत नाही. महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा म्हणतो, १५ दिवस, नाहीतर पैसे मोजा. आमच्या धंद्यात याला 'एसएलए' म्हणतात, आणि एसएलए नसलेला करार म्हणजे शुभेच्छापत्र, हे प्रत्येक कन्सल्टंटला ठाऊक असतं.

मुदत नसल्याचा परिणाम दिसतोच. युद्धातल्या १४ लाख अलॉटमेंटमधल्या आज साधारण सव्वातीन लाख उरल्या आहेत. २०२३ मध्ये कौन्सिलांकडून माहिती मागवून मोजणी झाली, तेव्हा प्रतीक्षायादीत १ लाख ७४ हजारांहून अधिक अर्ज निघाले. काही जागांवर घरं झाली, काही रस्त्यांत गेल्या. घरंही लागतातच, त्यात खलनायक कुणी नाही. पण जे कुणी मागत नाही ते हळूहळू जातं.

दुसरीकडे या श्रीमंत देशात २००० मध्ये सॉल्सबरीत एक फूड बँक निघाली. त्यातूनच वाढलेल्या ट्रसल या संस्थेच्या जाळ्याने २०२३-२४ या एका वर्षात ३१ लाख अन्नाची पार्सलं वाटली. वाटणारी माणसं देवमाणसं आहेत, आपल्या मंडळानेही दिवाळीला तिथे डाळ-तांदूळ दिले आहेत. पण ते दान आहे. भारतात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्याचा कायदेशीर हक्क दिला. ब्रिटनमध्ये अन्नाचा तसा हक्क सांगणारा कायदा नाही. भारतातलं रेशन दुकान कसं चालतं यावर आपण तासभर बोलू शकतो, पण तिथे माणूस भांडू तरी शकतो, "माझं आहे, द्या." दानाच्या रांगेत भांडता येत नाही.

आणि हो, ब्रिटन आजही आपल्या अन्नाचा साधारण ६० टक्के भागच स्वतः पिकवतं. फळांचं तर सहा भागांतला एक भाग इथला, बाकी बाहेरचं.

आपण या हिशेबात कुठे?

इतकी वर्षं परदेशात राहून आपण गणपती बसवतो, दिवाळी अंक काढतो, मुलांना मराठी शिकवतो. इथल्या जमिनीशी मात्र आपला संबंध घराच्या हप्त्यापुरता. माझ्या अलॉटमेंटवर गुजराती बा आहेत, पोलिश जोडपं आहे, जमैकाहून आलेल्या एक काकू आहेत. मेथी, मोहरीचा पाला, दुधी, भोपळा, सगळं लागतं, उन्हाळा बरा असला तर. बांधावर उभं राहून जेवढं बोलणं होतं तेवढं माझ्या गल्लीत दहा वर्षांत झालं नाही. सव्वा गुंठ्यात चार माणसांचं पोट भरत नाही, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पण बटाटा खणून काढायला किती वेळ लागतो हे माझ्या मुलीला कळलं आहे, आणि तो कोण पिकवतो, त्याला काय मिळतं, हा प्रश्न ती आता जेवताना विचारते. लाल मिलोची गोष्टही तिला सांगितली आहे. तिला ती खोटी वाटते.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं, की ही जमीन कौन्सिल देते ती हक्क म्हणून. तो कुणी खुशीने दिलेला नाही. गाजरं लावून मार खाणाऱ्यांनी, गंजी पेटवणाऱ्यांनी, मत मिळाल्यावर ते नीट वापरणाऱ्या मजुरांनी मिळवलेला आहे. हक्क वापरला नाही तर तो कागदावर राहतो, आणि कागदावरून कधी पुसला जातो ते कळतही नाही.

म्हणून मंडळी, एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. ज्यांच्या गावात अलॉटमेंट नाही किंवा यादी हलत नाही, त्यांनी कौन्सिलला लेखी पत्र द्यावं. खाली सहा सह्या लागतात, मतदारयादीत नाव असलेल्या माणसांच्या. भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या आपल्या लोकांना मतदारयादीत नाव घालता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीलाच बारा जण असतात. म्हणजे दोन पत्रं सहज निघतील. मसुदा मी लिहून देतो.